नानांनी ज्वारी भिजत घातली

ज्वारी भिजत घातली की तिसऱ्या दिवशी घराला एक वास येतो. आंबट, जरासा कुजकट, नाकात शिरून बसणारा. धुळ्यात आमच्या गल्लीत उन्हाळा लागला की हा वास घराघरातून येतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. वास आला म्हणजे बिबड्यांची ज्वारी आंबली. आता ती उपसायची, सावलीत वाळवायची, गिरणीतून भरडून आणायची आणि मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायची. शिजतो तो घाटा. खाटेवर पसरलेल्या ओल्या लुगड्यावर तो थापला आणि उन्हात कडकडीत वाळवला की त्याचे बिबडे होतात. पण ते नंतर. आधी पोरं वाट्या घेऊन पातेल्याभोवती बसतात, गरम घाट्यावर कच्च्या तेलाची धार पडते, आणि थापायला बसलेल्या बायका ओरडत राहतात, की मेल्यांनो, थापायला ठेवा काही. लसूण, मिरची, तीळ, आणि मागून येणारी ती आंबूस चव. खानदेशात वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

यंदा मी ज्वारी भिजवली तर माझी सून नाकाला ओढणी लावून म्हणाली, "आई, घरात काहीतरी मेलंय." ती पुण्याची, तिला काय बोलणार. मी हसले. हसता हसता मला जळगावचे नाना आठवले आणि हसू कुठच्या कुठे गेलं.

नाना आमचे घरमालक. आम्ही जळगावात होतो तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. पालिकेच्या आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते, म्हणजे नोकरी सुटली होती, निरीक्षण सुटलं नव्हतं. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट, त्याच्या खिशात पेनाऐवजी क्लोरीनची छोटी बाटली. गल्लीत कुणाच्याही घरी चहाला बसले की आधी स्वयंपाकघरात जाऊन माठाचं झाकण उचलून बघायचे. "दोन थेंब, अर्धा तास," असं म्हणत बाटलीतले थेंब माठात टाकायचे आणि मग चहा प्यायचे. लोकांच्या माठातल्या पाण्याला क्लोरीनचा वास यायचा, पण नानांना कोण बोलणार? त्यांचा धाकच तसा होता. भाजीवाला त्यांना बघून कोथिंबिरीवर शिंपडायचं पाणी बदलायचा.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला न्हाणीघरात बोलावलं. पिंपातल्या पाण्यावर बॅटरीचा उजेड टाकून म्हणाले, "कल्पना, हे काय वळवळतंय?"

मी म्हटलं, "नाना, किडे आहेत कसले तरी."

"किडे नाहीत, डासांची पिल्लं आहेत. तू पोसतेयस. बारसं कधी करायचं ते सांग, मी पेढे आणतो."

मला असा राग आला म्हणता! नवी नवी मी, आमच्या ह्यांच्यासमोर माझी शोभा केली. पण पिंप घासलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून आजपर्यंत माझ्या घरचं पिंप झाकलेलंच असतं.

गल्लीतल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. जिलेबीचं पीठ भिजवणाऱ्या आचाऱ्याची नखं त्यांना दिसली. नखं कापल्याशिवाय कढई चढवू देईनात. आचारी पडला तोऱ्याचा, तो रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला. मुलीचा बाप एकदा आचाऱ्यापुढे हात जोडतोय, एकदा नानांपुढे. शेवटी नानांनी स्वतः नेलकटर आणलं आणि आचाऱ्याचा हात मांडीवर घेऊन एकेक नख कापलं. पंगत बसायला दिवस कलला. पोरं भुकेने रडत होती, म्हातारी माणसं शिव्या घालत होती. नाना मात्र पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, "त्या लग्नात एकाचंही पोट बिघडलं नाही."

मी एकदा म्हटलं, "नाना, जेवलंच नाही कुणी पोटभर, बिघडेल कशाने?" त्यावर ते हसले होते. नानांना हसू यायचं, नाही असं नाही. स्वतःवरही यायचं. म्हणून तर माणूस सहन व्हायचा.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. अक्कांचं माहेर दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातलं. बुटक्या, गोऱ्या, बोलणं हळू. घर कसं आरशासारखं. मला वाटायचं, बाई नशीबवान, नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, आल्यागेल्याची भांडी स्वतः विसळतो. एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. उन्हाळ्यात आख्ख्या गल्लीत बिबड्यांची घाई उडायची, एकीच्या घरी दहा जणी थापायला जायच्या, पण अक्का कधी कुणाकडे आल्या नाहीत आणि त्यांनी कुणाला बोलावलं नाही. त्यांच्याकडे दुकानातला पुडा यायचा. विचारलं की म्हणायच्या, "दोन माणसांना कशाला घाट घालायचा?" मलाही ते पटायचं.

मग अक्का विसरायला लागल्या. आधी गॅस चालू राहायचा, मग देवाचं नाव आठवेना, मग मुलगा पुण्याहून आला तर त्याला 'बसा पाव्हणं' म्हणाल्या. जळगावात राहून त्यांनी कमावलेली शहरी भाषा पुसली गेली आणि माहेरची अहिराणी उरली. दिवसभर दारात बसून म्हणायच्या, "माले घर जानं शे." नाना म्हणायचे, "हेच तुझं घर." तेव्हा त्या सभ्यपणे मान हलवायच्या आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. नानांना त्या ओळखत नव्हत्या. कधी भाऊ म्हणायच्या, कधी मास्तर, एकदा तर गिरणीवाला समजून दळण कधी मिळेल म्हणून भांडल्या.

नानांनी सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, लुगडं नेसवलं. मुलगा बाई ठेवा म्हणत होता, तर "तिचे हात स्वच्छ असतील कशावरून?" असं म्हणून टाळलं. हे सगळं निभलं असतं. पण अक्कांनी खाणं सोडलं. भात दिला तर थुंकायच्या, खिचडी दिली तर तोंड फिरवायच्या, दूध तेवढं दोन घोट. अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टर घरी येऊन बघून गेले आणि म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि पेशंट नळी ओढतो म्हणून हात बांधून ठेवावे लागतात.

त्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. मी पोळ्या करत होते. माठाचं झाकण न उचलता खुर्चीवर बसले, तेव्हाच मी समजले की काहीतरी बिनसलंय.

"कल्पना, ती घाटा मागते," ते म्हणाले. "सकाळपासून एकच. माले घाटा दे. मी ज्वारीचं पीठ शिजवून दिलं. तिने चव घेतली आणि म्हणाली, हाऊ घाटा नई शे."

"पिठाचा कसा होईल नाना? ज्वारी आंबवावी लागते. तीन दिवस भिजत घालायची."

"माहीत आहे मला," ते एकदम चिडून म्हणाले. मग जे बोलले ते माझ्याकडे न बघता, तव्याकडे बघत बोलले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अक्कांना दिवस गेले होते आणि डोहाळे लागले ते घाट्याचेच. म्हणून त्यांची आई माहेरून गठुड्यात ज्वारी बांधून, गाडीत उभं राहून जळगावला आली. लेकीला घाटा खाऊ घालायचा आणि वर्षाचे बिबडे करून द्यायचे, असा तिचा बेत. तिने मोरीशेजारी मोठ्या भगुन्यात ज्वारी भिजवली. नेमके तिसऱ्या दिवशी नानांचे वरिष्ठ घरी चहाला आले. आल्या आल्या त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि हसून म्हणाले, निरीक्षकाच्याच घरी गटार तुंबलेलं दिसतंय. बस्स. ते गेल्यावर नानांनी भगुनं उचललं आणि सगळी ज्वारी बाहेरच्या गटारीत ओतली. मोरीत फिनेल टाकलं. सासू बघत होती, बायको बघत होती.

"एक शब्द बोलली नाही म्हातारी," नाना म्हणाले. "भगुनं घासलं, पालथं घातलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. पुन्हा माझ्या उंबऱ्यावर आली नाही. नातू झाला तेव्हाही नाही. वारली तेव्हा ही माहेरीच होती, मी नंतर पोचलो. आणि हिने त्या दिवसापासून घरात ज्वारी भिजवली नाही. मी नको कधी म्हटलं नाही बरं का, कल्पना. पण कर असंही नाही म्हटलं. मला बरंच वाटलं, वास नाही घरात. मी दुकानातून पुडा आणून द्यायचो आणि मला वाटायचं, मी किती करतो हिचं."

माझी पोळी करपली. मी म्हटलं, "मग अक्कांना कधी बोलला नाहीत? चुकलं माझं, एवढं तरी?"

"परवा बोललो. तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, मी असं असं केलं, माझं चुकलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, राहू द्या भाऊ, होई जास. तुमनी बाई कोठे शे? तिले सांगा." तुमची बायको कुठे आहे, तिला सांगा.

हे सांगताना नाना हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. पाऊणशे वयाचा माणूस माझ्या ओट्याजवळ बसून रडला. खरं सांगते, मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम. एवढी वर्षं एका घरात राहून एक वाक्य निघू नये तोंडातून? माफी मागायची तर ज्याला मागायची तो माणूस शिल्लक असताना मागावी. पण हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच होतं.

मी म्हटलं, "उद्या ज्वारी निवडते, मीच करून देते घाटा."

"नाही," नाना म्हणाले. "मी फेकली, मीच भिजवणार. तू फक्त सांग."

आणि नानांनी ज्वारी भिजत घातली. मी सांगत गेले, ते करत गेले. तिसऱ्या दिवशी बघायला गेले तर भगुन्यातलं पाणी असं नितळ की तळाचा दाणा न् दाणा दिसत होता. वास म्हणाल तर नावाला नाही. मला वाटलं थंडीमुळे असेल. उपसली, वाळवली, भरडली, नानांनी घाटा हाटला, मी शेजारी उभी राहून लसूण-मिरची किती ते सांगितलं. दिसायला झकास झाला. मी चव घेतली आणि तोंड वाकडं झालं. पोहायच्या तलावात तीळ टाकावेत तसं काहीतरी.

"नाना, काय घातलंत यात?"

"काही नाही. पाणी बदलत होतो सकाळ-संध्याकाळ."

"आणि?"

ते इकडेतिकडे बघायला लागले. "दोन थेंब," म्हणाले. "भिजवलेलं धान्य म्हणजे जंतूंचं घर, कल्पना. आजारी बाईच्या पोटात जायचं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ते जंतूच तर हवेत! आंबवणार कोण, तुम्ही? तुम्ही सगळ्यांना ठार मारून ठेवलंत."

अक्कांनी तो घाटा जिभेला लावला आणि वाटी अशी लोटली की भिंतीवर शिंतोडे उडाले. नाना ओलं फडकं घेऊन भिंत पुसत बसले. पुसून झाली तरी पुसत होते. तोवर अक्कांना उभं राहणं होईनासं झालं होतं आणि डॉक्टरांनी नळीसाठी दवाखान्यात आणायचा दिवस ठरवून दिला होता. म्हणजे आता एकदाच संधी होती, तीही जेमतेम.

दुसऱ्यांदा ज्वारी भिजवली तेव्हा नानांनी खिशातली बाटली माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. माझा भरवसा नाही," म्हणाले. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस आला, बुडबुडे यायला लागले, आणि नाना पाठीमागे हात बांधून भगुन्याभोवती येरझाऱ्या घालायला लागले. जन्मभर ज्याच्यावर फिनेल ओतलं तेच घरात वाढताना बघायचं होतं. मधूनच माझ्या दारात यायचे, "कल्पना, पाण्याला तार सुटलीय, हे बरोबर आहे ना?" मी म्हणायचे, "बरोबर आहे, जा." पुन्हा यायचे, "वर पांढरं साचलंय." मी म्हणायचे, "नाना, आता आलात तर बाटली विहिरीत टाकेन."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वास आला. माझ्या मागच्या खोलीपर्यंत आला. मी जाऊन बघते तर नाना सगळ्या खिडक्या उघडून, नाकावर रुमाल न धरता, भगुन्याशेजारी खाली जमिनीवर बसलेले. डोळ्यांत पाणी. वासाने की कशाने, मी विचारलं नाही. आतल्या खोलीत अक्का कॉटवर निजून होत्या. त्यांनी मान वळवली होती, तोंड मोरीच्या दिशेला. नाक फुललं होतं लहान पोरासारखं.

"माय उनी का?" त्यांनी विचारलं. आई आली का?

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनीच उत्तर दिलं, "आली. ज्वारी उपसते आहे."

सावलीत वाळवून, ओलसर असतानाच भरडून आणली. घाटा नानांनीच शिजवला. त्यांचा हात भरून येत होता, तरी ढवळायचा लाकडी हाटा माझ्याकडे देईनात. पातेल्यात फदफद व्हायला लागलं तसा तो वास बदलला, गोडूस झाला, आणि मला माझ्या लहानपणच्या अंगणातल्यासारखी भूक लागली. मी बोटावर घेऊन चाखला. जमला होता. जरा मीठ कमी, पण जमला होता.

त्यांनी काशाच्या वाटीत घाटा घेतला, वर कच्चं तेल सोडलं, फुंकून फुंकून निववला. अक्कांना उशीला टेकवून बसवलं आणि पहिला घास बोटांनी दिला. मी दाराच्या चौकटीत उभी. अक्कांनी घास तोंडात धरला. थुंकल्या नाहीत. जीभ फिरली, गाल हलले, घोट उतरला. दुसरा घास त्यांनी स्वतः मागितला. तिसऱ्याला वाटी नानांच्या हातातून ओढून मांडीवर घेतली आणि बोटांनी खायला लागल्या, भराभरा, हनुवटीवर तेलाचे ओघळ येऊ देत. नाना रुमाल काढायला गेले आणि त्यांनी तो तसाच हातात ठेवला.

मला वाटलं, आता निघावं. पुढच्याच महिन्यात आमच्या ह्यांची धुळ्याला बदली झाली, सामान हलवायच्या धांदलीत नानांकडे नीट बसणं झालं नाही. अक्का पुढचा पावसाळा संपेपर्यंत होत्या, नळी लागली नाही, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. नानाही गेल्या वर्षी गेले. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे नाना येतात ते त्या दिवशीचेच, मी चौकटीतून वळता वळता पाहिलेले.

अर्धी वाटी संपल्यावर अक्का एकदम थांबल्या. त्यांनी दरवाजाकडे बघितलं, मग नानांकडे. वाटीवर पदर ओढला. चेहऱ्यावर अशी भीती, जी मी त्या घरात राहून एवढ्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. त्यांनी पदराखालून एक घास काढला, नानांच्या तोंडाजवळ नेला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पटकन खाई ल्या भाऊ. ते येतीन आते. उनात म्हंजे बठ्ठं फेकी देतीन." आले की सगळं फेकून देतील.

नानांनी तोंड उघडलं. घास खाल्ला. मग त्यांनी तिच्या वाटीवरचा पदर हळूच बाजूला केला.

"नाही यायचे ते आता," नाना म्हणाले. "तू सावकाश खा."